थांबणारी गाडी

बुधानं हातातला अर्धा पेला चहा गोरक्षच्या तोंडावर भिरकावला, आणि आपण काय करून बसलो हे कळल्यावर स्वतःच दोन पावलं मागं सरला.

भांडण कशावरून? तर बोगद्यावरून. बोगदा ना गोरक्षच्या बापानं खणलेला, ना बुधाच्या. पण ड्रायव्हर लोकांचं असंच असतं. घरच्या माणसाला कुणी बोललं तर एकवेळ हसून सोडतील, रस्त्याला बोललं की अंगावर येतील.

खांबदरी फाट्यावर नवसाबाईची चहाची टपरी. त्र्यंबकहून घोटीला उतरणारी गाडी असो की घोटीहून वर येणारी, तिथं दम खायला थांबायचीच. बुधा टेम्पोवाला रिकामी कॅरेटं घेऊन त्र्यंबककडं निघालेला. गोरक्ष एसटीचा ड्रायव्हर. तो घोटीची गाडी टपरीसमोर लावून बाकड्यावर बसलेला. दुसऱ्या दिवशी दसरा. झेंडूनं भरलेल्या पिकअप गाड्या एकीमागं एक मुंबईकडं सुटल्या होत्या. परतीचा पाऊस नुकताच झोडपून गेला होता, भाताची लोंबी पिवळी पडायला लागली होती, आणि ऊन असं तापलं होतं की कुत्रंसुद्धा बाकड्याखाली जीभ काढून पडलं होतं.

बुधा त्या दिवशी समृद्धी महामार्गाच्या बोगद्यातून आला होता आणि तो बोगदा हुंड्यात मिळाल्यासारखा मिरवत होता.

"आख्खा डोंगर पोटातून पार केला राव, पण पेल्यातलं पाणी हललं नाय! आतमधी लाइट काय, पंखं काय. कसारा घाट आता म्हाताऱ्यांनी आन् एसटीनं चढावा. आपून नाय."

गोरक्षनं चहाचा घोट घेतला. "बोगद्यात कुणी हात करतं का रं बुधा?"

"हात कशापायी करंल? तिथं थांबायची बंदी हाय."

"मंग त्यो रस्ता नाय, पायप हाय. ह्या तोंडानं घातलं, त्या तोंडानं निघालं. आरं, रस्त्याला माणूस उभं असतं. म्हातारी असती, बाळंतीण असती, पोरं असत्यात शाळंची. एसटी म्हंजी हात केला का थांबणारी गाडी. म्या घाटात असलं धुकं पाह्यलंय, का कंडक्टर बॅटरी घेऊन पुढं चालायचा आन् म्या त्याच्या मागं गाडी रांगवायचो. तरी कुणी हात केला का थांबायचो. घाटनदेवीला हॉरन दिल्याबिगर कधी उतरलो नाय. तुह्या बोगद्यात कोन्ता देव बसवलाय?"

"लाइट असल्यावर देव कशाला लागतोय?" बुधा खदाखदा हसला. इथवर सगळं ठीक होतं. पण उचलली जीभ लावली टाळ्याला, असा त्याचा स्वभाव. तो पुढं बोलून गेला, "थांबून थांबून काय मिळालं तुमाला? गोटीराम थांबला व्हता ना? मंग? लोकांनी भाकरीवानी थापलाच ना त्याला?"

गोरक्ष उठला आणि त्यानं बुधाच्या थोबाडात अशी ठेवून दिली की बुधाची टोपी कढईत पडता पडता राहिली. त्यावर बुधानं चहा फेकला.

गोरक्ष पुन्हा धावला तशी नवसाबाई झारा घेऊन दोघांच्या मधे आली. "बुधा, नीघ. आत्ताच्या आत्ता नीघ. न्हाईतर ह्यो तेलातला झारा तुह्या तोंडात घालीन."

बुधा गेला. टेम्पो त्र्यंबकच्या दिशेनं धूर सोडत चढून गेला. गोरक्षनं पदराआड डोळे पुसणाऱ्या नवसाबाईकडं पाहिलं नाही. खांद्यावरच्या टॉवेलानं तो आपलं तोंड पुसत राहिला.

"भाऊजी, लागलं का?" नवसाबाईनं विचारलं.

"च्या गार व्हता, वैनी. तुमच्या च्याचा आज फायदा झाला," गोरक्ष म्हणाला, आणि ती रडता रडता हसली.

गोटीराम म्हणजे नवसाबाईचा नवरा. एसटीत ड्रायव्हर होता, आणि गोरक्षला घाटातली गाडी त्यानंच शिकवली. एका गावाजवळ त्याच्यासमोर मोटरसायकल घसरली. गाडीला स्पर्शसुद्धा झाला नव्हता. दुसरा कुणी असता तर बाजूनं काढून निघून गेला असता. हा उतरला. पडलेल्या माणसाचं डोकं मांडीवर घेऊन त्याला पाणी पाजायला लागला. तेवढ्यात गाव धावत आलं. गावानं पाहिलं काय, तर रक्तानं माखलेला माणूस आणि खाकी कपड्यातला ड्रायव्हर. विचारणार कोण? चोर सोडून संन्याशाला सुळी. गोटीरामच्या डोक्यात बसलेल्या एका घावानं त्याची वाचा गेली, एक अंग गेलं, आणि दोन पावसाळे खाटेवर काढून तो माणूस गेला. शेवटपर्यंत त्याला स्वतःच्या पोराचं नाव घेता आलं नाही.

त्या दिवसापासून नवसाबाईनं पोराला एकच मंत्र दिला होता. ज्ञानेशनं पिकअप घेतली तेव्हा पूजा झाली, नारळ फुटला, पेढे वाटले, आणि आईनं त्याच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं, "कुठं ठोकलं तर थांबू नको. जो थांबला त्यो मेला." दर खेपेला टपरीवरून निघताना ती तेच सांगायची. दुसऱ्या आया सांभाळून जा म्हणतात; ही थांबू नको म्हणायची.

गोरक्षनं गाडी चालू केली. कंडक्टर योगिनी नावाची पोरगी होती, नुकतीच नोकरीला लागलेली. तिनं घंटी मारली आणि गाडी उताराला लागली. तिची धूळ बसते न बसते तोच वरून ज्ञानेशची पिकअप आली. कडेपर्यंत झेंडू. जाळीतून पिवळी-भगवी फुलं बाहेर डोकावत होती.

"आई, लवकर कर. दादरला दिवे लागायच्या आत पोचलो तर भाव. मागून गेलं तर तोच झेंडू गटारात," ज्ञानेश खिडकीतूनच ओरडला.

"खाली तर उतर."

"टाइम नाय."

नवसाबाईनं दसऱ्यासाठी म्हणून लोकरीचा गोंडा वळून ठेवला होता. काळा नि लाल, आणि खाली एक पितळी घुंगरू. ते घुंगरू घरच्या जुन्या बैलाच्या गळ्यातलं. ती घाईघाईनं पुढं वाकली आणि तिनं गोंडा पिकअपच्या पुढच्या गार्डला बांधला. गाठ नीट बसली नाही हे तिला कळत होतं, पण पोरगं ॲक्सिलेटर दाबत होतं.

"भाकर घे. आन् आयक..."

"ठोकलं तर थांबू नको. पाठ हाय मला!" ज्ञानेश हसला आणि पिकअप सुटली.

*

खांबदरी गाव फाट्यापासून थोडं खाली, वळणावर. कुंभमेळा येणार म्हणून रस्ता रुंद केला, डांबर असं चोपडं ओतलं की त्यात तोंड दिसावं. आधी खड्डे होते तेव्हा गाड्या गावातून म्हशीच्या चालीनं जायच्या. आता वळणावर गाडी येतेय हे कळेपर्यंत ती निघून गेलेली असायची. गावानं गतिरोधक मागितला. साहेब आला, मोजून गेला, पुन्हा उगवला नाही. मग गावातल्या पोरांनी ठरवून टाकलं, आता एकदा कुणी सापडू दे, त्याला सोडायचा नाही. बकऱ्या मेल्या, एक वासरू मेलं, गाड्या पळून गेल्या. गावाच्या पोटात राग साठत होता, आणि राग असा साठला की त्याला कुणीही चालतं.

दत्तूची पोरगी छाया त्या दिवशी झेंडूच्या माळांची पाटी घेऊन घोटीच्या बाजाराला निघाली होती. माळा ओवता ओवता उशीर झाला. गल्लीतून बाहेर येते तर पलीकडच्या अंगाला एसटी येताना दिसली. तिनं हात वर केला आणि ती रस्ता ओलांडत पळाली. गोरक्षनं हात पाहिला. गाडीचा वेग कमी केला. तिला थांबणारी गाडी दिसली. थांबणाऱ्या गाडीच्या मागून बाजू काढून येणारी दुसरी गाडी तिला दिसली नाही.

ज्ञानेशलाही ती दिसली नाही. एसटीची पाठ दिसली, मोकळा रस्ता दिसला, डोळ्यांपुढं दादरचा भाव होता. त्यानं स्टेअरिंग उजवीकडं मारलं.

धप्प असा आवाज झाला. छाया उडून एसटीच्या पुढ्यात पडली. पाटी एकीकडं, माळा एकीकडं, चपला एकीकडं. पिकअप वाकडी झाली, क्षणभर तिचा ब्रेक कर्रकन वाजला, लाल दिवा लागला. मग दिवा विझला आणि ती निघून गेली.

गोरक्षनं सगळं पाहिलं. पिकअपही ओळखली. तिच्या पाठीवर गोटीरामचं नाव लिहिलेलं होतं.

त्यानं हँडब्रेक ओढून उडी मारली. पोरीचा श्वास चालू होता. मांडीचं हाड कातडीबाहेर आलेलं आणि रक्त थांबत नव्हतं. "योगिनी, दार उघड! आत घेऊ, घोटीला पळवू!" दोघांनी तिला उचलून मधल्या जागेत आडवी केली. योगिनीनं आपली ओढणी काढून मांडीवर करकचून आवळली. गाडीत चारदोनच उतारू होते, ते घाबरून मागच्या दारानं उतरून शेतात पळाले. गोरक्ष पुन्हा खाली उतरला, कारण चाकाखाली पाटी अडकली होती आणि गाडी जोरात काढायची होती.

तिथंच गाव आलं.

दत्तू सगळ्यांच्या पुढं होता. भाताच्या खाचरातून तसाच आलेला, गुडघ्यापर्यंत चिखल, हातात बांबूचं दांडकं. त्यानं काय पाहिलं? पोरीच्या चपला. चाकाखाली माळा. डांबरावर रक्त. आणि गाडीखालून वाकून निघणारा, छातीपर्यंत रक्तानं भरलेला ड्रायव्हर.

"माही छाया! चिरडली रं भाड्या!"

पहिला घाव गोरक्षच्या खांद्यावर बसला. "दत्तू, आयक," एवढंच तो म्हणाला. दुसरा घाव त्यानं हातावर झेलला आणि कोपरातून हाड कडकन मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. तरी कुणी थांबलं नाही. आवाज ऐकून उलट चेव आला. कुणी लाथ घातली, कुणी कॉलर धरून डोकं बंपरवर आपटलं. एकजण तर चप्पल हातात घेऊन नुसता भोवती फिरत होता, मारायला फट शोधत. पोरांनी रस्त्यावर फांद्या नि टायर ओढून दोन्ही बाजू बंद केल्या. मग दगड सुरू झाले. एसटीची काच फुटली, दुसरी फुटली. आतून योगिनी जिवाच्या आकांतानं ओरडत होती, "पोरगी आत हाय! जित्ती हाय! दगड मारू नका!" पण फुटणाऱ्या काचेच्या आवाजात तिचा आवाज कुठं लागणार? ती छायाच्या अंगावर पालथी पडली आणि काचा पाठीवर घेत राहिली. ज्या पोरीसाठी गाव दगड मारत होतं, त्या पोरीलाच गाव दगड मारत होतं.

*

ओरडा वर टपरीपर्यंत आला. नवसाबाईला तो आवाज ठाऊक होता. तिनं तो कधी ऐकला नव्हता, पण खाटेवरच्या नवऱ्याच्या उघड्या डोळ्यांत तिनं तो दोन पावसाळे पाहिला होता. स्टो तसाच पेटता ठेवून, झाराही हातातच, ती उताराला पळत सुटली.

वळणावर, गर्दीच्या कडेला तिच्या पायाखाली काहीतरी रुणझुणलं. तिनं खाली पाहिलं. काळा-लाल गोंडा. पितळी घुंगरू. गाठ सुटलेली. लोकरीला ओलं लागलेलं, आणि ते पाणी नव्हतं.

ती मटकन खाली बसली. सगळं तिला एकदम कळलं, कुणी सांगावं लागलं नाही. ज्ञानेश थांबला नव्हता. आईनं सांगितलं तसंच त्यानं केलं होतं. तिला आधी काय वाटलं असेल तर ते बरं वाटलं. खोटं कशाला सांगायचं? बरं झालं पळाला, असंच तिला वाटलं. आई होती ती. तिनं गोंडा उचलून पोलक्यात कोंबला.

मग तिनं मान वर केली आणि गर्दीच्या पायांमधून तिला गोरक्ष दिसला.

तो कुशीवर पडला होता. एक डोळा रक्तानं बंद झालेला. मोडका हात छातीशी धरून तो फक्त म्हणत होता, "म्या नाय. म्या नाय मारली." कोणी मारली ते तो सांगत नव्हता. एका शब्दात सुटला असता. गाडी पाहिली होती, नाव पाहिलं होतं. दत्तू विचारतही होता, "मंग कोन्या बापानं मारली? बोल!" आणि गोरक्ष दात दाबून मार खात होता. गोटीरामचं पोरगं वाचवायला गोटीरामचा चेला गोटीरामसारखाच मरायला निघाला होता.

नवसाबाई उठली. कशी उठली तिचं तिला ठाऊक. गर्दीत शिरली तेव्हा तिनं माणूस पाहिला नाही, झारा डावी-उजवीकडं फिरवला. तडाखे बसले तशी माणसं बाजूला झाली. ती जाऊन गोरक्षवर आडवी पडली. दत्तूचं दांडकं वर गेलेलंच होतं, ते तिच्या पाठीत बसलं.

"काकू, बाजूला व्हा! यानं माही पोर मारली!"

"आरं मुडद्या, तुही पोर गाडीत हाय! कान उघड! ती कंडक्टर पोरगी किती येळची वरडतीय!"

दगड थांबले. तेव्हा कुठं योगिनीचा घोगरा झालेला आवाज सगळ्यांना ऐकू आला. दोन पोरं दारातून वर चढली आणि ओरडली, "दत्तूदादा, हाय! श्वास हाय!"

दत्तू क्षणभर लहान मुलासारखा बघत राहिला. मग पुन्हा त्याचा चेहरा काळा झाला. "मंग काय झालं? ठोकली तर यानंच ना!" त्यानं दांडकं पुन्हा उचललं. आता पहिल्यासारखी घाई नव्हती त्याला. नेम धरून उचललं होतं, डोक्यावर.

नवसाबाईनं पोलक्यात हात घातला. खाली पडलेल्या गोरक्षला तो गोंडा दिसला. एका उघड्या डोळ्यानं त्यानं तिच्याकडं पाहिलं आणि मान हलवली. नाही, वैनी. बोलू नका.

तिनं गोंडा दत्तूच्या तोंडापुढं धरला. घुंगरू वाजलं.

"ह्यो वळखतो का? म्याच वळलाय, म्याच बांधलाय. ह्या मानसानं नाय, माह्या ज्ञानेशनं ठोकली तुही छाया. ठोकली आन् पळाला. पळायला म्याच शिकवलंय त्याला. आता मार, कुणाला मारायचं ते ठरवून मार."

भाताच्या खाचरावरून वारा आला, रस्त्यावरच्या पाकळ्या सरकल्या. गोरक्षनं डोळा मिटून घेतला.

"पोरीला न्या आधी!" दारातून योगिनी किंचाळली. "रगत थांबंना. भांडण मागून करा. कोण चालवनार हाय गाडी?"

आणि तेव्हा गावाला अक्कल आली. गाडी होती, रस्ता होता, गाडी चालवणाऱ्याचा हात गावानंच मोडला होता. ट्रॅक्टर हाकणारी पोरं एकमेकांकडं बघायला लागली. घाटात एसटी चालवणं म्हणजे औत हाकणं नव्हे. गावातल्या दोन्ही जीपा झेंडू घेऊन सकाळीच गेलेल्या. ॲम्ब्युलन्सला फोन लावला, ती दुसरीकडं पेशंट आणायला गेलेली, येईल म्हणाले, पण वेळ लागेल.

दत्तूच्या हातातलं दांडकं गळून पडलं. "काकू, आता कसं?" तो म्हणाला.

नवसाबाईनं कमरेचा फोन काढला. एकदा वाजला आणि लगेच उचलला गेला.

"आई." पोराचा आवाज फाटलेला. "आई, कोण व्हतं गं? मेलं का? म्या थांबलोय पुढं, पडक्या वीटभट्टीपाशी. माहे हात हालंनात, आई. गाडी चालवता येईना."

"दत्तूची छाया हाय. जित्ती हाय. गाडी फिरव आन् माघारी ये."

"मला मारतील."

"मारतील."

"आई, तूच तर म्हंती..."

"म्या चुकीचं शिकवलं. ये माघारी. म्या हाय हितं." आणि फोन बंद करून ती दत्तूला म्हणाली, "पोर दवाखान्यात पोचू दे. तव्हर त्याला हात लावायचा नाय. मंग तुह्या मनाला येईल ते कर. त्याचा हात मोडायचा असंल तर म्या धरून देईन."

ज्यांनी फांद्या नि टायर ओढले होते त्यांनीच ते बाजूला केले. वाट बघणं म्हणजे काय ते त्या दिवशी खांबदरीला कळलं. जी गाडी दिसली तर फोडायची होती, तीच गाडी कधी येते म्हणून सगळं गाव वळणाकडं डोळे लावून बसलं.

पिकअप आली. ज्ञानेशचं तोंड पांढरं फटक पडलेलं. तो कुणाकडं न बघता उतरला, मागचा फाळका पाडला आणि झेंडू रस्त्यावर ओतायला लागला. दादरचा सगळा भाव डांबरावर पडला. खाली एक थर तेवढा ठेवला, आणि त्या फुलांवर छायाला निजवली. योगिनी तिचा पाय धरून बसली. दत्तू चढला, त्यानं पोरीचं डोकं मांडीवर घेतलं. बसण्याआधी तो केबिनच्या खिडकीशी वाकला.

"पोचव," तो ज्ञानेशला म्हणाला. "मंग बघतो तुला."

ज्ञानेशनं मान हलवली. गाडी निघाली, आणि नवसाबाई रस्त्यावर बसून पदरानं गोरक्षच्या डोळ्यावरचं रक्त पुसायला लागली. कुणीतरी पाण्याचा तांब्या आणला. ज्यानं आणला त्यानंच मघाशी गोरक्षचं डोकं बंपरवर आपटलं होतं.

*

छाया वाचली. मांडीत सळई घातली, आता थोडी लंगडते, पण वाचली. डॉक्टर म्हणाले, जरा उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं. दत्तूनं पोरीला आत सोपवली, हात जोडले, आणि बाहेर येऊन दवाखान्याच्या पायरीवर ज्ञानेशला मारलं. असं मारलं की समोरचे दोन दात पायरीवर पडले आणि जबडा सरकला. ज्ञानेशनं हात वर केला नाही. लोकांनी सोडवलं तेव्हा दत्तूच गुडघ्यात डोकं घालून रडायला लागला. मग ज्ञानेश स्वतःच्या पायानं पोलीस ठाण्यात गेला, आपण काय केलं ते सांगितलं, आणि आत बसला. जामिनाला बरेच दिवस लागले.

कार्तिकात गावानं गोरक्षचा सत्कार ठरवला. आपल्याकडं हे एक बरं असतं. आधी माणूस मोडायचा आणि मग त्याला शाल पांघरायची. टपरीसमोर मांडव घातला, सतरंजी टाकली, सरपंच बोलले, माणुसकी, देवदूत, वगैरे वगैरे. गोरक्ष खुर्चीवर अवघडून बसला होता. डोळा वाचला होता पण कोपर वाकत नव्हतं, आणि वाकत नाही त्या हातानं घाटात स्टेअरिंग फिरत नाही. त्याला आता डेपोत गाड्या धुण्यावर देखरेखीला बसवलं होतं.

दत्तूनं शाल पांघरली. टोपी घातली. मग नारळ पुढं केला. गोरक्षनं सवयीनं उजवा हात उचलायला पाहिलं. हात अर्ध्यावर अडकला. दत्तू नारळ धरून उभा, गोरक्षचा हात तिथंच अधांतरी, आणि टाळ्या वाजवणारे हात एकेक करून थांबले.

शेवटी गोरक्षनं डाव्या हातानं नारळ घेतला.

"बोला की दोन शब्द," सरपंच म्हणाले.

"बोलायचं काय? म्या ड्रायव्हर मानूस." त्यानं नारळाकडं पाहिलं. "पुढल्या टायमाला कुणी थांबलं, तर आधी त्याला पाणी द्या. इचारा. मारायचं असंल तर मंग मारा."

दत्तू तिथंच खाली बसला आणि त्यानं गोरक्षचे पाय धरले. गोरक्ष म्हणाला, "ऊठ बाबा, पाय तरी धड राहू दे माहे," आणि लोक हसले, काही रडले.

ज्ञानेशची पिकअप पोलिसांकडून सुटून आली त्या दिवशी टपरीवर बुधा बसला होता. बोगद्याचं नाव त्यानं काढलं नाही. नुसता चहा प्यायला. ज्ञानेशनं गाडीत काकडी भरली होती. वळणावर आता गावानं स्वतःच मुरूम नि दगड घालून गतिरोधक केला होता. सरकारी माणूस येऊन काढून गेला की गाव पुन्हा घालायचं. नवसाबाईनं धुऊन ठेवलेला गोंडा आणला. लोकरीतला डाग पुरता गेला नव्हता. तिनं तो गार्डला बांधला, दोनदा गाठ मारली आणि ओढून पाहिली.

ज्ञानेश खाली उतरून उभा होता. समोरचे दात गेलेल्या तोंडानं म्हणाला, "आई, आज काय सांगत नाय का?"

नवसाबाईनं पोराच्या सरकलेल्या जबड्यावरून हात फिरवला.

"सांगते की. हळू जा. आन् कुठं काय झालं तर थांब. मार खा, पण थांब."

"बरं," तो म्हणाला. गाडी चालू झाली. वळणावर गतिरोधकाशी ती अगदी हळू झाली, लंगडत रस्ता ओलांडणाऱ्या एका पोरीसाठी पूर्ण थांबली, आणि मग पुढं गेली. नवसाबाईनं ते वरून पाहिलं आणि बुधासाठी दुसरा चहा टाकला.